एडनच्या माणसाचा अकोल्यातला पलंग

१९६३ च्या ऑक्टोबरात अकोल्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरातली माडीवरची खोली मी भाड्याने घेतली. खोली रिकामी नव्हती. खिडकीशी एक शिसवी पलंग होता. तो हलवायचा नाही आणि त्यावर झोपायचं नाही, ही भाड्याची अट होती. माझ्यासाठी समोरच्या भिंतीशी बाज टाकली होती. पलंग घरातल्या धाकट्या मुलाचा. तो सहा वर्षांपासून अरबस्तानातल्या एडन बंदरात होता. खोली भाड्याने द्या, असा सल्ला अमरावतीच्या एका आयकर वकिलाने दिला होता. पलंगाची अट मुलाच्या आईने घातली होती. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी तेव्हा एका दैनिकाचा अकोल्याचा वार्ताहर होतो. काम मुख्यतः कापूस बाजाराचं: आवक किती, भाव काय, कोणत्या जिनाला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. माझं घर अमरावतीला होतं. शनिवारी पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावतीला जायचं, सोमवारी सकाळी परत. अकोल्यात असलो की अमरावतीची कामं आठवत, अमरावतीला पोचलो की अकोल्याच्या बाजाराची काळजी लागे. अमरावतीच्या घरी माझी खाट महिन्याभरात आतेभावाने घेतली होती, त्याबद्दल कोणी मला विचारलंही नव्हतं.

घरमालक कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेलं. माजघरात गुजराती, ओट्यावर वऱ्हाडी. वडील वारले होते. मोठा मुलगा खाली पेढीवर बसे. त्याला सगळे मोठे शेठ म्हणत. आईला घरचे ‘बा’ म्हणत, म्हणून गल्लीही बा म्हणे आणि मीही म्हणू लागलो. बांचे गुडघे दुखत. तरी रोज सकाळी त्या जिना चढून येत, पलंगाच्या उशाशी ठेवलेला पितळी लोटा उचलत, कालचं पाणी खिडकीतून तुळशीच्या कुंडीत ओतत आणि ताजं भरून ठेवत. मी दाढी करत असलो तर थोडं बोलत.

“तुह्या पेपरात एडनचं काही येते का रे?”

“कधीमधी येतं, बा.”

“आलं का सांगत जाय.”

एडन हे या घराचं पहिलं परगाव नव्हतं. हा भाग मोठ्या शेठांनी मला सांगितला, एका दुपारी, बाजार थंड असताना. त्यांच्या आजोबांनी जिन टाकला तो जकात नाक्याच्या पलीकडे, नगरपालिकेच्या हद्दीच्या दगडाला लागून. गाड्या शहरात शिरल्याच नाहीत तर जकात कशाची? पुढे हद्द वाढली आणि जिन आत आला. त्याआधीच वडिलांनी पैनगंगेच्या पलीकडे, मोगलाईत, एक दुकान उघडलं होतं. निजामाच्या त्या मुलखात इंग्रजांचा आयकर चालत नसे. व्यवहाराचा काही भाग त्या दुकानावर दाखवला जाई. पोलिस ॲक्शननंतर मोगलाई संपली आणि दुकानही संपलं.

“अकोलं जागचं हललं नाई,” मोठे शेठ म्हणाले. “आधी सीपी अँड बेरार, मग मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य, आता महाराष्ट्र. इथं बसल्या बसल्या आमी चार सरकारं पाह्यली. मंग मानसानं काय करावं, पेपरवाले? हद्द आपल्याकडं सरकत येते, आपन थोडं पुढं सरकाचं.”

“एडनपर्यंत?”

“मामाचं दुकान होतं ना तिथं. अन् तिथं जकातच नाई. बंदर खुल्लं. साहेबाचं राज्य, पन साहेब इन्कमटॅक्सचा लई तगादा नाई लावत.”

धाकटे शेठ १९५७ मध्ये तिथे गेले. एडनच्या पूर्वेला एका खोऱ्यात लांब धाग्याचा कापूस पिकू लागला होता. अकोल्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला बोटांत धागा ओढून पाहिला की माल कळतो. धाकटे तो कापूस घेत, थोडा सुदानचा घेत, आणि गिरण्यांना विकत. कापूस वऱ्हाडचा नाही, गिऱ्हाईक वऱ्हाडचं नाही, नफा एडनच्या बँकेत. अकोल्याहून फक्त हो किंवा नाही जाई. धाकटे कोणताही मोठा सौदा मोठ्यांना विचारल्याशिवाय करत नसत, आणि मोठे बांना सांगितल्याशिवाय उत्तर देत नसत. हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी राहायला आल्यानंतरच्या एका सोमवारी वकीलसाहेब आणि मी बडनेऱ्याहून एकाच डब्यातून आलो. दुपारी पेढीवर त्यांनी बांना सगळं समजावून सांगितलं. मी भाडं द्यायला खाली गेलो होतो. मोठ्या शेठांनी बसायला सांगितलं, म्हणून बसलो.

“मातोश्री, दोन प्रश्न असतात,” वकील म्हणाले. “पहिला, माणूस कुठला? दुसरा, त्याचा धंदा कुठून चालतो? दुसऱ्याचं उत्तर तुमच्या कोपऱ्यावरचा पानवालाही देईल. म्हणून आपल्याला पहिल्यावरच अडवायला हवं. धाकटे शेठ इथले रहिवासी ठरता कामा नयेत. ठरले, तर एडनचा नफा इकडच्या कराच्या हिशेबात येईल.”

“तो तं सहा वर्सं तिथंच हाय.”

“हो. पण कायदा असं म्हणतो की एखाद्या माणसासाठी इथे राहतं घर राखून ठेवलेलं असेल आणि तो वर्षात तीस दिवस इथे असेल, तर तो इथलाच. जुन्या कायद्यात घर राखलेलं असलं तर एक दिवसही चालत नव्हता. आता एकोणतीस मिळतात. आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून.”

बांनी पदर सारखा केला. “म्हंजे मी त्याच्यासाठी खोली ठेवली म्हून त्याले खोलीत राहता येत नाई?”

“तसंच काहीसं.”

“अन् खोली मोडली तं?”

“तर पाहुणा म्हणून येईल. सहा महिन्यांच्या आत कितीही राहावं.”

“हा कायदा कोनं केला? त्याले माय होती का?”

“बा, वकीलसाहेबाले कावून बोलते?” मोठे शेठ म्हणाले. “त्यायनं नाई केला.”

“त्यायले नाई, कायद्याले बोलून राहिली मी.”

त्यानंतर बांनी आपलं म्हणणं सांगितलं. पुढच्या पाच वर्षांत त्यांना दुसरं काही मागताना मी ऐकलं नाही. धाकट्याने एक हंगाम घरी राहावं. दिवाळी ते होळी. लग्नाआधी, म्हणजे त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली त्याच्याही आधी, तो दर हंगामात असाच घरी असे; दिवसभर बाजारात, संध्याकाळी केसांत सरकीचा भुसा घेऊन येई आणि तसाच जेवायला बसे. तेवढं एकदा व्हावं. म्हातारपणी आणखी काही नको.

खोली मला भाड्याने दिली होती ती यासाठीच. खोलीत भाडेकरू आला की ती धाकट्यासाठी राखलेली राहत नाही, असा वकिलाचा हिशेब होता.

जानेवारी १९६४ मध्ये धाकटे शेठ आले. मुंबईहून मेलने. उंच, बारीक, कानाशी केस पिकलेले. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे असतील. ते आपल्या पलंगावर झोपले, मी माझ्या बाजेवर. त्यांच्याजवळ लोखंडी ट्रंक होती. ट्रंकेचा वरचा कप्पा तेवढा उघडत. खालचा त्यांनी त्या मुक्कामात कधी उघडला नाही. भिंतीवर खुंट्या होत्या. दोन माझ्या, तीन रिकाम्या. ते सदरा घडी करून ट्रंकेवरच ठेवत.

“खुंटी आहे की,” मी एकदा म्हणालो.

“असू द्या. खुंटीले कपडा अडकवला का जीव अडकते.” मग हसून म्हणाले, “तिथं मले लोक अकोलेवाला म्हंतात. इथं वकील म्हंते, सांगा मी एडनचा. मुंबईत उतरलो तं कस्टमवाला विचारते, घर कुठं? मी म्हटलं, भाऊ, तूच सांग, तुह्या कागदावर काय लिव्हलं हाय?”

ते जास्त वेळ एका जागी बसत नसत. जेवताना मधेच उठून ओट्यावर जात. बाजारात माझ्याबरोबर आले तर एका ढिगावरून दुसऱ्यावर, मूठभर कापूस घ्यायचा, धागा ओढायचा, टाकायचा. दुपारी स्टेशनवर चक्कर मारत. कोणाला घ्यायला किंवा सोडायला नव्हे. गाड्या वेळेवर आहेत का, ते पाहून येत.

सव्विसाव्या दिवशी ते गेले. हातात तीन दिवस होते. पण गाडी चुकली, मुंबईत बोट लांबली तर काय, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वकील आले. हात धुवायला म्हणून माडीवर आले आणि दारातच थांबले. पलंगावर धुतलेली चादर होती. उशाशी लोटा भरलेला होता.

“हा लोटा कोणाचा?”

बा मागून जिना चढून आल्या होत्या. “माह्या लेकाचा.”

“ते तर काल गेले.”

“म्हून तं भरला. परवासात हाय तो. परवासातल्या मानसाचा लोटा पालथा घालत नसतात.”

वकील बाजेच्या कडेवर बसले. त्यांनी खोली नीट पाहिली: माझे दोन सदरे, माझी बातम्यांची कात्रणं, आणि खिडकीशी तो पलंग.

“मातोश्री, उद्या साहेब चौकशीला आले तर भाडेकरूची पावती पाहणार नाहीत. ते हा पलंग पाहतील. या गृहस्थांनी भाडं दिलं आहे ते अर्ध्या खोलीचं. उरलेली अर्धी तुम्ही रोज सकाळी मुलासाठी राखता.”

मोठे शेठ जिन्यात उभे होते. ते म्हणाले, “पलंग मागच्या खोलीत नेऊन ठेवू, बा. आला का पुन्हा आनू.”

“जित्या मानसाचा पलंग उचलत नाईत.”

“मागच्या खोलीत म्हटलं मी. गावाबाहेर नाई.”

“तुह्या बापाचा उचलला तेव्हा तू होतास ना? चौथ्या दिवशी. तसा त्याचा उचलू? मी मेल्यावर दोघांचे उचला अन् जिनात जाळा. आता नाई.”

वकिलांनी हात धुतले नाहीत. खाली येऊन त्यांनी मोठ्या शेठांना सांगितलं की भाडेकरू राहू द्या, त्याने नुकसान नाही. पण त्याचा उपयोगही नाही. पलंग आहे तोवर एकोणतीस दिवस.

१९६५ मध्ये आणि १९६६ मध्ये धाकटे तसेच आले आणि तसेच गेले. दर खेपेला ट्रंक पलंगाखाली न सरकवता दाराजवळ ठेवत. दर खेपेला बा दिवाळी ते होळीची गोष्ट काढत आणि ते “हाव बा” म्हणत. १९६६ च्या मुक्कामात एका शनिवारी ते माझ्याबरोबर अमरावतीला निघाले, वकिलांना भेटायला. डब्यात शेंगा विकणारा चढला, त्याच्याकडून त्यांनी शेंगा घेतल्या आणि त्या सोलत सोलत एका बेटाची गोष्ट सांगितली.

एडन फार दिवस टिकणार नाही, असं तिथला एक इंग्रज हिशेबनीस त्यांना म्हणाला होता. त्याने वेस्ट इंडिजकडच्या एका बेटाचं नाव सुचवलं. बहामा. तिथे आयकर नाहीच. पेढी तिथे नोंदवली की झालं. धाकट्यांनी नोंदवली होती.

“तुम्ही पाहिलं का ते बेट?”

“नाई. नकाशात पाह्यलं. तुमच्या हापिसात नकाशा असन ना, त्यात पाहा. मोहरीएवढं हाय. तिथं एका मकानात आमची पाटी हाय. फोटू धाडला त्यानं. एक दरवाजा, अन् त्या दरवाज्यावर आमच्यासारख्या लई पाट्या. आत कोनी बसत असन का नाई, रामजाने.”

“मग माल कुठे जाईल?”

“माल जाईन जिथं जाते तिथं. बेटावर फक्त नाव जाते.”

खिडकीबाहेर एक लहान स्टेशन गेलं. त्यांनी मान वाकवून पाटी वाचण्याचा प्रयत्न केला, पण गाडी पुढे गेली होती. “कोनतं होतं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “लहानपनी सारे पाठ होते,” ते म्हणाले आणि टरफलं रुमालात बांधून ठेवली.

नकाशा मी सोमवारी पाहिला. आमच्या कार्यालयातला नकाशा जुना होता. त्यात हैदराबाद संस्थान वेगळ्या रंगात होतं. एडन सापडलं. बेटांवर छापखान्याची शाई पसरली होती.

१९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल लढाई झाली आणि सुएझ कालवा बंद पडला. एडनला येणारी जहाजं त्या वाटेने यायची. शहरात आधीपासून बॉम्ब आणि गोळीबार चालू होते. आमच्या पेपरात एडन चार ओळींत येई, कधी येतही नसे. बांना मराठी वाचता येत नसे, गुजराती येई. रोज सकाळी लोटा भरताना त्या विचारत आणि मी वाचून दाखवी. चार ओळी असल्या की त्या दोनदा वाचायला लावत. काही नसलं की विचारत, “नाई म्हंजे चांगलं का वाईट?” मी नागपूरला फोन करून बातमीच्या तारा विचारत असे. तिथेही तेवढंच असे.

ऑगस्टमध्ये धाकट्यांची तार आली की ते बैरुतला आहेत. दुकान बंद केलं, मामाचं सामान विकलं. नोव्हेंबरअखेर इंग्रज एडन सोडून गेले. त्या वर्षी धाकटे अकोल्याला आले नाहीत. बैरुतमध्ये ते हॉटेलात राहत होते असं मोठे शेठ म्हणाले. पेढी बेटावर होती, गिऱ्हाईक जपानात होतं, आणि हो-नाही अजून अकोल्याहूनच जात होतं.

१९६८ च्या सप्टेंबरात एका सकाळी बा जिना चढून आल्या. त्यांनी कालचं पाणी कुंडीत ओतलं. मग ताजं न भरता लोटा खिडकीच्या कठड्यावर पालथा ठेवला. मी ब्रश खाली ठेवला. तासाभरात सुतार आला, मुसलमान मोहल्ल्यातला, या घराची सगळी लाकडी कामं करणारा. त्याने पलंगाचे पाय सोडवले.

“बाजी, कुठं न्यायचा?” त्याने विचारलं.

बांनी माझ्याकडे पाहिलं. “तुह्या घरी जागा हाय का?”

मोठे शेठ जिन्यात होते. तेच म्हणाले, “घेऊन जा, पेपरवाले. घरात ठेवला तं उद्या पुन्हा लोटा भरन थे.”

“भरन,” बा म्हणाल्या. “म्हून तं पाठवून राहिली.”

पलंग मालगाडीने अमरावतीला गेला. माझ्या आईने तो ओसरीत उतरवून घेण्याआधी विचारलं, “कोणाचा आहे? वारला का तो?” मी म्हणालो, नाही, परदेशात आहे. “मग पलंग देऊन टाकायला काय झालं?” तिने विचारलं. मी आयकराचा कायदा सांगायला सुरुवात केली. तिने तो अर्धवट ऐकला, पलंगावर गोमूत्र शिंपडलं आणि आतेभावाला सांगितलं की खाट सोड.

बांनी वकिलांना बोलावून घेतलं. वकिलांनी रिकामी भिंत पाहिली, खोलीत एक बाज आणि एक भाडेकरू आहे याची खात्री केली आणि सांगितलं की आता धाकटे शेठ पाहुणे. दिवाळी ते होळी हा सगळा काळ आयकराच्या एकाच वर्षात येतो आणि सहा महिन्यांच्या आत बसतो. कायद्याची काही हरकत नाही. मोठ्या शेठांनी तशी तार केली.

धाकटे दिवाळीनंतरच्या आठवड्यात आले. बाजार भरात होता. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. परगावचे व्यापारी पेढीवर मुक्कामाला आले की पुढच्या गादीवर झोपत, तिथेच धाकट्यांचं अंथरूण घातलं. बांनी हंगामाची तयारी करून ठेवली होती. मिरच्या, लोणचं, बाजरीचं पीठ. तीळ आत्ताच आणून ठेवले होते, संक्रांतीचे. सकाळी त्या गरम ढेबरे, मेथी घातलेल्या बाजरीच्या दशम्या, पेढीवर पाठवत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून वाट पाहत. पहिल्या दिवशी धाकटे बाजारातून आले तेव्हा त्यांच्या केसांत सरकीचा भुसा होता. बांनी हात धुवू दिले नाहीत, तसंच ताट वाढलं.

पहिले दोन आठवडे ते रोज बाजारात गेले. मोठे शेठ त्यांना ढीग दाखवत आणि ते सांगतील तो भाव बोलत. त्यांचा अंदाज चुकला असं माझ्या पाहण्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात ते बाजारातून दुपारीच निघू लागले. मी एकदा तार टाकायला स्टेशनवर गेलो तर ते फलाटावर उभे होते.

“कोणी येणार आहे का?”

“नाई. नागपूरची वेळेवर हाय आज.”

ट्रंक पेढीच्या दाराशी होती. पट्टे आवळलेले होते. गादीवर येणाऱ्याजाणाऱ्यांचा पाय तिला लागे. हमालाने ती दोनदा आत सरकवली, दोनदा ती पुन्हा दाराशी आली.

धाकटे अमरावतीला जाऊन वकिलांनाही भेटले. हे वकिलांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की ना? वकील म्हणाले, नक्की, होळीपर्यंत राहा, रंगपंचमीपर्यंत राहा. ते बरं म्हणाले, खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले आणि विचारलं, “पण आल्याचा दिवस धरून ना?”

नोव्हेंबरअखेर त्यांनी बांना सांगितलं की बैरुतला काम आहे, जावं लागेल. त्या वेळी मी ओट्यावर होतो. बा गहू निवडत होत्या.

“काय काम?”

“बँकेचं.”

“तुहा भाऊ करन. तार कर.”

“माही सही लागते, बा.”

“होळीले तीन महिने बाकी हायेत.”

“येतो ना मी.”

“येशीन. मले माहीत हाय येशीन.” त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “ढेबरे किती देऊ? दोन दिवस पुरतील इतके?”

“तीन.”

त्या दिवसांत बैरुतहून पेढीवर एकही तार आलेली नव्हती, असं मोठ्या शेठांनी मला सांगितलं.

स्टेशनवर मोठे शेठ, मी आणि हमाल होतो. बा आल्या नाहीत. गुडघे दुखत होते. मुंबईची मेल त्या दिवशी उशिरा आली. धाकटे फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. गाडी आल्यावर त्यांनी ट्रंक स्वतः उचलली, हमालाला दिली नाही. मोठे शेठ खिडकीशी उभे राहून भावाला म्हणाले की आता वर्षात कधीही ये, कायद्याची काही अडचण नाही. धाकटे म्हणाले, “हाव दादा.” गाडी सुटली. तो त्यांच्या मुक्कामाचा अठ्ठाविसावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवरून उतरलो. लोटा खिडकीच्या कठड्यावर नव्हता. खाली पेढीच्या गादीवर, ते ज्या तक्क्याशी झोपत होते तिथे, तो पाण्याने भरून ठेवलेला होता.